वणव्याचा नकाशा आधी गावापुढे ठेवा : वन विभाग आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख), महाराष्ट्र राज्य, नागपूर
आणि
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई

विषय : वणवाप्रवण क्षेत्रांचे गावनिहाय नकाशे तयार करून प्रसिद्ध करणे आणि त्यावर आधारित नियम करण्यापूर्वी ग्रामसभांचे म्हणणे ऐकणे याबाबत.

महोदय,

वन विभागाच्या दफ्तरी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. या चार महिन्यांत जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून राखलेले पट्टे) साफ करणे, हंगामी मजूर नेमणे, पाला उडवणारे ब्लोअर चालू स्थितीत ठेवणे आणि उपग्रहाकडून आलेल्या प्रत्येक सूचनेमागे वनरक्षकाला डोंगर चढायला लावणे ही कामे आपले कर्मचारी अपुऱ्या मनुष्यबळात करतात. रत्नागिरी जिल्ह्यातला एक आंबा-काजू बागायतदार या नात्याने मी ते जवळून पाहत आलो आहे आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. माझे म्हणणे त्यांच्या कामाच्या आधीच्या टप्प्याविषयी आहे. कोणत्या गावाच्या कोणत्या शिवारात वणव्याचा धोका किती आहे, याचा नकाशा सरकारने गावाच्या पातळीवर तयार करावा, तो मराठीत प्रसिद्ध करावा, ग्रामसभेपुढे ठेवून दुरुस्त करून घ्यावा आणि त्यानंतरच त्याच्या आधारे बांधकाम, गवत जाळणे, रस्त्याकडेची सफाई आणि वीजवाहिन्या यांविषयीचे नियम करावेत, अशी माझी विनंती आहे. हा क्रम उलटा झाला, तर नकाशाही जाईल आणि नियमही जातील, अशी मला भीती वाटते. तिची कारणे पुढे मांडतो.

आज नकाशा मुळीच नाही, असे नाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना राज्यांना देते आणि आता त्या सूचना मोबाइलवर थेट नियतक्षेत्रापर्यंत, म्हणजे वनरक्षकाच्या बीटपर्यंत, पोहोचतात. याच संस्थेने २०१९ च्या अहवालात जुन्या नोंदींच्या आधारे देशभराची पाच किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद अशा चौकोनांत विभागणी करून वणवाप्रवणतेचा नकाशा मांडला. त्यानुसार देशातील वनाच्छादनापैकी ३.८९ टक्के भाग सर्वांत वरच्या धोक्याच्या गटात, ६.०१ टक्के त्याखालच्या आणि ११.५० टक्के त्याच्याही खालच्या गटात येतो, म्हणजे २१.४० टक्के जंगल मोठ्या धोक्याचे आहे. २०२१ च्या अहवालात हेच प्रमाण २२.२७ टक्के सांगितले गेले. राष्ट्रीय पातळीवर निधीचे वाटप आणि धोरण ठरवण्यासाठी हे काम मोलाचे आहे. परंतु पाच किलोमीटरचा चौकोन म्हणजे २,५०० हेक्टर जमीन होते. आमच्याकडे एवढ्या जागेत दोन-तीन महसुली गावे, त्यांच्या वाड्या, देवराई, आंबा-काजूच्या बागा, सडे (जांभ्याची उघडी पठारे), नदीकाठची भातशेती आणि अलीकडे पाडलेले बंगल्यांचे प्लॉट असे सगळे सामावते. त्या चौकोनाला एकच रंग दिल्यावर आपल्या वाडीच्या वरच्या अंगाला आग येते की खालच्या, हे गावाला त्यातून कळत नाही आणि जाळरेषा कुठे काढावी, हे वनरक्षकालाही कळत नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. हा नकाशा मुख्यतः उपग्रहाला दिसलेल्या आगींच्या संख्येवर उभा आहे आणि उपग्रह सगळ्या आगी सारख्याच पाहत नाही. मोडिस या उपग्रहावरच्या संवेदकाचा एक ठिपका साधारण एक किलोमीटरचा असतो, तर नंतर आलेल्या व्हिअर्सचा ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा. हे उपग्रह एका जागेवरून दिवसातून ठराविक वेळीच जातात. व्हिअर्सची वेळ दुपारी आणि रात्री दीडच्या आसपासची. आता आमच्या सड्यावरची आग पाहा. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो, चारच्या सुमारास कुणाच्या तरी हातून किंवा बेपर्वाईने करड, म्हणजे वाळलेले गवत, पेटते, वारा ती आग पश्चिमेच्या उतारावरून वर ढकलत नेतो आणि दिवेलागणीनंतर तासाभरात सगळे गवत जळून ती आपोआप विझतेसुद्धा. रात्री दीड वाजता उपग्रह डोक्यावर येतो, तेव्हा खाली गरम असे काही उरलेलेच नसते. या आगीची नोंद कुठेही होत नाही. याउलट विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात पालापाचोळ्याची आग दिवसेंदिवस धुमसत राहते आणि अनेक वेळा नोंदली जाते. गडचिरोलीचा धोका फुगवून दाखवला जातो, असे मला मुळीच म्हणायचे नाही, तो खराच आहे. पण सह्याद्री आणि कोकणाचा धोका मात्र या मोजणीत कमी दिसतो आणि जो नकाशात फिका, तो निधीतही फिका राहतो.

यावर उपाय उपलब्ध आहे. जळणारी आग निसटली तरी जळलेल्या गवताचा काळा डाग आठवडेच्या आठवडे जमिनीवर राहतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची छायाचित्रे पाच-पाच दिवसांच्या अंतराने घेतली जातात आणि ती कुणालाही विनामूल्य मिळतात. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे असे काम करण्याची क्षमता आहे. मागच्या काही वर्षांचे जानेवारी ते मे महिन्यांतले डाग एकावर एक ठेवले, तर कोणता उतार दर वर्षी जळतो, कोणता दोन-तीन वर्षांआड जळतो आणि आग बहुतेक वेळा कोणत्या वळणावरून सुरू होते, हे गट नंबरापर्यंत सांगता येईल. त्यात चढाची दिशा, वाऱ्याची दिशा, रस्ते आणि वीजवाहिन्या मिळवल्या, की जळलेल्या भूमीची नोंद पुढच्या धोक्याचे अनुमान देऊ लागते. उताराचा विचार तर अत्यावश्यक आहे, कारण चढ साधारण दहा अंशांनी वाढला, की वर जाणाऱ्या आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा या विषयातला रूढ ठोकताळा आहे.

नकाशा राखीव वनाच्या हद्दीपाशी थांबता कामा नये, हेही आवर्जून सांगतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात बहुतांश डोंगर खासगी मालकीचे आहेत. तिथे आग लागली, की वन विभाग म्हणतो जमीन आमची नाही आणि महसूल विभाग म्हणतो वणवा आमचा विषय नाही. या दोघांच्या मध्ये जो भाग जळतो, त्यात माझी आणि माझ्या शेजाऱ्यांची आंबा-काजूची कलमे असतात. हे पत्र दोन्ही प्राधिकरणांना एकत्र लिहिण्याचे कारण तेच आहे.

वणवा बागेत शिरतो तेव्हा काय होते, ते थोडे जवळून सांगितले पाहिजे, कारण नुकसानीच्या आकड्यांत ते दिसत नाही. आम्ही पोरे-माणसे हिरवे टहाळे घेऊन आगीच्या कडेने झोडपत चालतो, कारण सड्यावर पाणी नसते आणि असले तरी ते वर नेणार कसे? काजूखालचा सुका पाला क्षणात पेटतो. ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटतात. पाच-सहा वर्षांच्या कलमांपैकी काही जळून जातात. पण पुष्कळशी वरून हिरवी दिसतात आणि फक्त बुंध्याची साल एका बाजूने तांबूस होते. पुढच्या पावसात त्यांना पालवीही येते. त्यानंतर एक-दीड वर्षात ती एकेक करून वाळतात, कारण जमिनीलगतची साल आतून शिजलेली असते. आगीनंतर आठवड्याभरात होणाऱ्या पंचनाम्यात ही झाडे जिवंत म्हणून लिहिली जातात. धोक्याचा नकाशा शिवारनिहाय असेल, तर कोणत्या बागेभोवती डिसेंबरातच पट्टा साफ करायला मदत द्यायची, हे आधी ठरवता येईल आणि नुकसान झाल्यावर दुसरी पाहणी कुठे करायची, हेही.

आता नियमांकडे येतो. आज वणव्यासंबंधी आमच्यापर्यंत जे नियम पोहोचतात, ते जवळजवळ सगळे शिक्षेचे आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क स्थगित करण्याचा अधिकारही त्याच कलमाने सरकारला दिला आहे. कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्यांनी आगीची खबर देणे आणि ती विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. म्हणजे एका माणसाच्या कृत्यासाठी सगळ्या गावाची चराई बंद होऊ शकते आणि तरीही आग विझवायला गावानेच यायचे. जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या या रचनेत गावाकडे संशयित म्हणून पाहिले गेले. वन हक्क अधिनियम, २००६ ने ती दृष्टी बदलली आणि कलम ५ मध्ये वनांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांनी जंगल आपले मानून आगीबाबत स्वतःचे नियम केले आणि पाळलेही. धोक्याच्या नकाशावर आधारलेले नवे नियम १९२७ च्या वाटेने जाणार की २००६ च्या, हा प्रश्न आपण आधी सोडवावा.

कारण आग लावणारे सगळे एकाच हेतूने लावत नाहीत. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळणारी बाई, तेंदूला नवी पालवी लवकर फुटावी म्हणून झुडपे पेटवू देणारा ठेकेदाराचा माणूस, पुढच्या पावसात चारा चांगला येतो या समजुतीने डोंगर पेटवणारा गुराखी, आणि गाडीतून विडी किंवा सिगारेट बाहेर फेकणारा प्रवासी यांना एकच कलम लावून वणवे कमी झालेले नाहीत. मोहाच्या झाडाखाली जाळी अंथरायला दिली, तर पाला जाळण्याची गरजच उरत नाही. गवताबद्दलची समजूत मात्र केवळ फलक लावून जाणार नाही. सलग काही वर्षे न जाळलेला पट्टा त्याच गावाच्या शिवारात राखून दाखवावा लागेल. आणि भाजावळ तर वेगळीच गोष्ट आहे. भाताचा तरवा (रोपे) करण्यासाठी शेतकरी स्वतःच्या वावरात शेण, टहाळ, पाला आणि गवत यांचे थर रचून राब भाजतो. जाणता शेतकरी हे काम वारा पडलेला असताना करतो आणि राखेतला शेवटचा निखारा विझेपर्यंत जागा सोडत नाही. गाव 'लाल पट्ट्यात' आले म्हणून सरसकट भाजावळ बंद केली, तर गरिबातला गरीब शेतकरी गुन्हेगार ठरेल आणि काम चोरून, घाईने, भलत्या वेळी होईल. धोका त्याने वाढेलच. नियमाने वेळ ठरवून द्यावी, शेजाऱ्याला आणि ग्रामपंचायतीला आगाऊ सांगणे बंधनकारक करावे, वाऱ्याच्या दिवशी मनाई करावी आणि राबाशिवाय रोप करण्याच्या पद्धतींना कृषी विभागामार्फत खरे साहाय्य द्यावे.

खरी कडक बंधने हवीत ती नव्या बांधकामांवर. मुळशी, मावळ, महाबळेश्वरपासून खाली कोकणापर्यंत डोंगराच्या कडेला, देखावा मिळावा म्हणून, उताराच्या अगदी माथ्यावर बंगले आणि रिसॉर्ट उभी राहत आहेत. अनेकांची छपरे शोभेसाठी गवताने शाकारलेली असतात, भोवती कमरेएवढे गवत असते आणि येण्या-जाण्याचा रस्ता एकच असतो. वणवा जिथे सर्वांत वेगाने पोहोचतो, नेमकी तीच ही जागा. कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या आगीत २५ माणसे गेली, त्यानंतर तिथे धोक्याच्या पट्ट्यांचे नकाशे आणि त्यांना जोडलेले नियम आले. मध्यम, जास्त आणि अतिजास्त अशा तीन गटांत जमीन विभागून, धोक्याच्या भागातल्या नव्या घरांना छप्पर, झरोके आणि भिंतींचे साहित्य कसे असावे आणि घराभोवती शंभर फुटांपर्यंत झाडोरा कसा राखावा, हे तिथे कायद्याने ठरवले आहे. आमची जांभ्याची आणि कौलांची घरे तिथल्या लाकडी घरांसारखी पेटत नाहीत. आमच्याकडे जळतात ते गोठे, गवताच्या उडव्या आणि बागा. त्यामुळे ते नियम जसेच्या तसे उचलू नयेत. पण धोक्याच्या उतारावर नवी परवानगी देताना गवताने न शाकारलेले छप्पर, मोकळा पट्टा, दुसरा रस्ता आणि पाण्याचा साठा यांची अट घालण्यात काहीच अडचण नाही, आणि ती अट बांधणाऱ्याच्या खर्चाने पाळली गेली पाहिजे.

डोंगरवाटांचाही विचार या नकाशात व्हावा. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात मार्च २०१८ मध्ये वणव्यात सापडून २३ भटके मृत्युमुखी पडले. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दर शनिवार-रविवारी शेकडो लोक सुक्या गवतातून गड चढत असतात.

नकाशाची विश्वासार्हता कशी टिकवायची, याबद्दल ऑरेगन या अमेरिकेतल्या राज्याचा अनुभव आपण जरूर अभ्यासावा. २०२० च्या मोठ्या आगींनंतर तिथे २०२१ मध्ये कायदा झाला, २०२२ च्या उन्हाळ्यात राज्यभराचा धोक्याचा नकाशा प्रसिद्ध झाला आणि जास्त धोक्याच्या गटात आलेल्या घरमालकांना थेट पत्रे गेली. अनेकांना त्या नकाशाची माहिती पत्रातूनच पहिल्यांदा मिळाली. विमा महागेल, घराची किंमत पडेल, या भीतीने इतका गदारोळ झाला, की काही आठवड्यांत नकाशा मागे घ्यावा लागला. विमा कंपन्यांनी नकाशा आधारासाठी वापरू नये, असा कायदा नंतर झाला, २०२५ च्या जानेवारीत सुधारलेला नकाशाही आला. तरी गेलेला विश्वास परत आला नाही आणि त्याच वर्षी विधिमंडळाने नकाशा आणि त्याला जोडलेली बंधने रद्द केली. शास्त्रज्ञांचे काम वाया गेले. जंगल आणि वारा मात्र तिथेच आहेत.

हे परक्यांचे उदाहरण आहे असे म्हणून सोडता येणार नाही. चिपळूणला जुलै २०२१ च्या महापुरानंतर बांधकामांवर मर्यादा आणणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेवरून किती विरोध झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघत आहेत. जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, आणि त्यातल्या किती गावांना आपले नाव यादीत का आहे, हे कुणी समजावून सांगितले? गावात आधी अफवा पोहोचते, मग विरोध, आणि अधिसूचना सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या टोकाला इर्शाळवाडी आहे. जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गेलेली ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. यादीत नाव नसणे म्हणजे सुरक्षित असणे, असा अर्थ लोकही लावतात आणि प्रशासनही. कॅलिफोर्नियातही जानेवारी २०२५ च्या आगीत अल्टाडेना इथली पुष्कळ घरे जुन्या नकाशातल्या अतिजास्त धोक्याच्या पट्ट्याबाहेर होती. म्हणून नकाशा ठराविक वर्षांनी बदलेल, तो कोणत्या तारखेच्या माहितीवर आधारलेला आहे आणि त्यात काय धरलेले नाही, हे नकाशाच्या पोटातच छापले जावे.

ग्रामसभेपुढे नकाशा ठेवणे म्हणजे ठराव घेऊन सह्या गोळा करणे असा अर्थ होऊ नये. गावातल्या गुराख्याला, वायरमनला आणि सड्यावर जमीन असलेल्या म्हातारीला आग कुठून येते हे माहीत असते; कोणत्या खांबामधली तार लोंबते आणि कोणत्या वळणावर गाड्या थांबतात, हे उपग्रहाला दिसणार नाही. वनरक्षक, तलाठी आणि ग्रामसेवक यांनी छापील नकाशा घेऊन गावकऱ्यांबरोबर शिवारफेरी करावी, हरकती लेखी घ्याव्यात आणि प्रत्येक हरकतीचे काय झाले, हे लेखी कळवावे. नकाशात धोका जास्त ठरला, तर पहिली बांधिलकी सरकारची ठरावी : त्या गावाला जाळरेषेसाठी निधी, ब्लोअर, प्रशिक्षण आणि विमा. गावकऱ्यांवरची बंधने त्यानंतर लागू व्हावीत.

आग विझवायला जाणाऱ्यांचा जीवही याच नकाशावर अवलंबून आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून गेले. उतार, वारा आणि माघारीची वाट दाखवणारा नकाशा प्रत्येक वनरक्षकाच्या आणि मजुराच्या हातात असावा, तो त्याला वाचता यावा, आणि ज्या उतारावर विशिष्ट वाऱ्यात माणूस पाठवायचाच नाही, तो उतार त्यावर स्पष्ट दाखवलेला असावा. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य पेटले, तेव्हा हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावे लागले. ती सोय दर वेळी आणि सगळीकडे मिळणारी नाही. डोंगरावर शेवटी माणूसच चढतो.

सगळ्या राज्याचा नकाशा एका वर्षात होणार नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून सुरुवातीला कोकणातला एक, सह्याद्रीच्या माथ्यावरचा एक आणि गडचिरोली किंवा मेळघाटातला एक असे तीन तालुके निवडावेत. जळलेल्या क्षेत्रांचे डाग येत्या पावसाळ्यात एकत्र करावेत, दिवाळीनंतर शिवारफेऱ्या घ्याव्यात आणि १५ फेब्रुवारीपूर्वी दुरुस्त केलेला नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. कोणते तालुके निवडले आणि जबाबदार अधिकारी कोण, हे आपण जाहीर करावे. आमच्या तालुक्याची निवड झाली, तर सड्यावरच्या फेरीसाठी लागणारी माणसे आम्ही बागायतदार देऊ.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक आंबा-काजू बागायतदार